सावली येतेय फ्रेममध्ये

आभाळातून काहीतरी लालभडक, हलकं आणि अत्तराचा वास असलेलं येऊन डोक्यावर पडलं, तेव्हा चैताली भाजे लेण्यांसमोरच्या सपाट खडकावर उभी होती आणि कुणाचीही वाट पाहत नव्हती.

क्षणभर सगळंच लाल झालं. समोरची चैत्याची कमान लाल, कमानीच्या पोटातला स्तूप लाल, परतीच्या पावसानं धुऊन काढलेलं ऑक्टोबरचं ऊनसुद्धा लाल. मग त्या कापडाचं एक टोक वर उचललं गेलं आणि खालून एक चेहरा आत आला. धापा टाकणारा, घामेजलेला, घाबरलेला, आणि घाबरूनही ओठांच्या कोपऱ्यातलं हसू न आवरणारा.

"लागलं का, मॅडम?"

"ओढणी लागते होय कुणाला?"

"न्हाई, म्हंजे... मनाला. लोकांच्या मनाला लय पटकन लागतं."

त्या लाल तंबूत दोघंच होते. त्याच्या भुवईवर घामाचा एक थेंब थांबला होता, तो आता पडेल, मग पडेल, असं चैताली उगाचच बघत राहिली. पडला नाही. तिनंच ओढणी डोक्यावरून काढली आणि जग पुन्हा हिरवं-काळं झालं.

खडकाच्या पलीकडं खरा प्रकार उभा होता. लाल घागऱ्यातली एक मुलगी, तिच्याशेजारी गुलाबी जाकीटातला तिचा होणारा नवरा, कॅमेरावाला, छत्री धरणारा. लग्नाआधीचं शूटिंग. आणि हा होता ओढणी उडवणारा. ओढणी हवेत भिरकावायची आणि पुढच्या क्षणी फ्रेमच्या बाहेर पळायचं. वारा फिरला, तशी ओढणीही फिरली.

"मॅडम, येक विनंती व्हती." तो मान खाजवत म्हणाला. "तुमी उभ्या हाय ना, तीच आमची जागा हाय. कॅमेऱ्याची. तुमी फ्रेममधी येताय."

"मी आधीपासून इथं आहे. फ्रेम माझ्या अंगावर आली."

"ते बी खरंच." तो हसला. "पण ह्या कमानीचा फोटो आख्ख्या मावळात ह्या येकाच दगडावरनं असा येतो. दोन पावलं डावीकडं सरका, खांब आडवा येतो. उजवीकडं सरका, कमानीचं टोक तुटतं."

"तुम्ही शोधलीत ही जागा?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात थांबला. कमानीकडं बघितलं. "लेण्यासमोर खोटं कशाला बोलू? माझा धंदा फोटोच्या जागा शोधायचाच हाय, पण ही माझी न्हाई. ही श्रीपती काकांची."

चैतालीनं ओढणीची घडी घातली. कडा कडेला जुळवून, हळू. तळेगावच्या कारखान्यात ती क्वालिटीत होती, पुर्जे तपासायची. कडा जुळवणं तिच्या हातात होतं, आणि हात कामात असला की डोळे ताब्यात राहतात, हेही तिला गेल्या वर्षभरात कळलं होतं.

"घ्या," ती म्हणाली आणि खडकावरून उतरली.

श्रीपती काका म्हणजे तिचे बाबा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले.

*

पायऱ्या उतरल्या की शेवटच्या वळणावर कमळाबाई ताक-काकडी घेऊन बसायची. चैतालीला बघून तिनं काकडी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"श्रीपती भाऊंची चैताली ना गं तू? किती वाळलीस! बस हितं." ताकाचा पेला पुढं आला. "आता वरीस भरंल ना भावाला? मी येनार हाय, सांगून ठेवते. फोटोला माझ्या हातचा हार पायजे."

"हार आण मावशी. फोटोच नाही."

"काय म्हनतीस?"

मागून कुणीतरी धाडधाड पायऱ्या उतरत आलं. दोन्ही खांद्यांवर बॅगा, बगलेत छत्री, गळ्यात ती लाल ओढणी. "आये, पाणी दे आधी—" म्हणता म्हणता तो थबकला.

"हा माजा धाकटा, करण," कमळाबाई म्हणाली. "पुन्यात व्हता कामाला. आता हितंच लोकांच्या नवऱ्या नाचवतो. आरं, ही आपल्या फोटोवाल्या भाऊंची लेक."

करणच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. गळ्यातली ओढणी त्यानं काढून बॅगेत कोंबली, जणू तिच्यासमोर ती तशी बरी दिसत नव्हती.

"आन् मी तुमाला त्यांच्या दगडावरनं उठवलं," तो म्हणाला.

"त्यांचं नाव घेऊन उठवलंत. चालेल."

मग ताक पिता पिता सगळं निघालं. ज्या माणसानं कार्ले, भाजे, लोहगडावर आल्यागेल्या हजारो माणसांचे फोटो काढले, त्याचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. लग्नातला एकच होता, तो घरात पाणी शिरलं त्या पावसाळ्यात भिजला आणि नवरा-नवरीचे चेहरे एकमेकांत विरघळून गेले. नातेवाइकांच्या लग्नांत बाबा नेहमी कॅमेऱ्याच्या मागं. मोबाइल आल्यावर चैताली त्यांच्यासमोर धरायची, तर ते हसून हातातून काढून घ्यायचे — "दे इकडं, तुला जमत नाही, मी काढतो तुझा." भिंतीवर सध्या आधार कार्डावरचा मोठा करून लावला होता. मान आखडलेली, डोळे विस्फारलेले.

"आई त्या फोटोकडं पाठ करून बसते," चैताली म्हणाली. "म्हणते, हा तो माणूसच नाही. स्मृतिदिनाला सगळे येतील आणि त्या घाबरलेल्या माणसापुढं हात जोडतील. माझे बाबा कुणाला घाबरले नाहीत कधी."

करण काकडीचा तुकडा हातात घेऊन तसाच उभा होता. "कुणीतरी काढला आसंल की. इतक्या वर्सांत! कुना दुकानदारानं, कुना गाइडनं. त्यांच्या सगळ्या जागा मला ठावं हायत. येत्या रविवारी माझ्या गाडीवर चला, येकेक जागा बघू."

"आणि तुमचा धंदा?"

"येका रविवारी ओढणी न्हाई उडाली, तर लग्नं मोडत न्हाईत, मॅडम."

*

एका रविवारचे तीन रविवार झाले.

कार्ल्याच्या फाट्यावर केरबा आबांचं चहाचं हॉटेल होतं. भाताची खाचरं पिवळी व्हायला लागली होती, महामार्गावरून एसट्या घोंघावत जात होत्या, आणि हॉटेलाच्या भिंतीवर गल्ल्याच्या वर बाबांनी काढलेला फोटो होता. आबा आणि त्यांची म्हैस. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव, सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा.

"आबा, हसवलं कसं हो तुम्हाला बाबांनी?" चैतालीनं विचारलं.

"हसवतोय कशाचा! त्यो कुनाला हस म्हनायचाच न्हाई." आबांनी कप पुसता पुसता मान हलवली. "कॅमेरा डोळ्याला लावायचा आन् इचारायचा, गाव कुठलं तुमचं? म्हनलं लेका, रोज हितं च्या पितोस, तुला म्हाईत न्हाई व्हय? तर म्हनला, मला म्हाईताय, कॅमेऱ्याला सांगा. मी म्हनलं, कार्ले! आन् त्येनं बटण दाबलं."

चैताली फोटोकडं बघत राहिली. माणूस आपल्या गावाचं नाव घेतो तेव्हा त्याची हनुवटी जरा वर येते. बाबांनी आयुष्यभर तो एक क्षण धरला होता. मुंबईचे, नगरचे, सोलापूरचे, लांबून आलेले, जवळून आलेले, श्रीमंत, फाटके — त्यांच्या फोटोत सगळे कुठल्या ना कुठल्या गावचे मानकरी होते.

"म्हशीला काय विचारलं?" करण म्हणाला.

"तिला बी गावच इचारलं. ती हंबारली."

चैताली हसली. हसली आणि दचकली, कारण तो आवाज तिनंच बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. करणनं ऐकला. त्यानं आणखी एक चहा सांगितला, गरज नसताना.

फोटो असे खूप भेटले. इंदुरीच्या जुन्या किल्ल्याच्या दरवाजापाशी एका म्हाताऱ्या जोडप्याचा, कार्ल्याच्या सिंहस्तंभाखाली कुणाच्या तरी वऱ्हाडाचा. सगळे बाबांनी काढलेले. बाबा मात्र कुठंच नव्हते. "त्यांचा काढायचं कधी सुचलंच नाही बघा," प्रत्येक जण ओशाळून म्हणायचा.

पण गाडीवर जाता-येता दुसरंच काहीतरी सापडत होतं. ओल्या गवताच्या वासात, सोनकीच्या फुलांच्या पिवळ्या उतारांतून, थांबत थांबत केलेलं बोलणं. 'मॅडम' मधेच कधीतरी गळून पडलं. खड्डा आला की करण आधी सांगायचा, "खड्डा हाय हां," आणि खड्डा नसला तरी कधी कधी सांगायचा.

"कुठं होता खड्डा?" चैताली विचारायची.

"गेला वाटतं बुजून."

"मी क्वालिटीत आहे, करण. मला खोटा माल कळतो."

"मग पास करा की येखादा."

लोहगडावर तिसऱ्या रविवारी ढग खाली उतरले होते. गडाच्या विंचूकाटा माचीची लांबलचक सोंड धुक्यात शिरली होती आणि पुढं काही दिसत नव्हतं. दोघं कातळावर बसले होते. करणचा फोन वाजला. पुण्याचं गिऱ्हाईक होतं. तो एकदम वेगळ्या आवाजात बोलायला लागला, पोटातून, गुळगुळीत. "हो सर. नाही सर, मी लोणावळ्याचाच आहे. लोकल आहे सर, प्रॉपर लोणावळा."

फोन ठेवला तेव्हा चैताली त्याच्याकडंच बघत होती.

"उंबरवाडी लोणावळ्यात कधी गेली?"

करणनं एक गवताची काडी तोडली. "उंबरवाडी कुनाला ठावं हाय? विसापूरच्या पायथ्याला चार घरं. मोबाइलच्या नकाशात बघितलं तर नुसतं रान दिसतं. गिऱ्हाइकाला सांगितलं की दोन गोष्टी व्हतात. येक तर म्हनतात, कुठाय हे? न्हाईतर आडनाव इचारतात आन् मग गप बसतात. लोणावळा म्हनलं की चिक्की आठवती, विषय संपतो."

तिला ते ठाऊक होतं. आडनाव विचारल्यावर पडणारी ती शांतता तिच्या घरीही पिढ्यान् पिढ्या ओळखीची होती. पण आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि पुढं तिचे बाबा तिला बुद्धपौर्णिमेला हात धरून भाज्याच्या पायऱ्या चढवत म्हणायचे — "ही एवढी माणसं बघायला येतात, चैताली. आपण घरी येतो." त्या वाक्यावर ती आजवर ताठ उभी होती.

"बाबांनी तुला कधी विचारलं नाही, गाव कुठलं?" ती म्हणाली. 'तुम्ही' कधी 'तू' झालं, तिला कळलं नाही. त्याला कळलं.

"इचारलं व्हतं." तो धुक्याकडं वळला. "कालेजात व्हतो. त्याच दगडासमोर उभं केलं मला. म्हनले, गाव? मी म्हनलं, लोणावळा. काकांनी कॅमेरा खाली घेतला. रागावले न्हाईत. म्हनले, खरं गाव आठवलं की ये, तुझा फोटो माझ्याकडं बाकी राहिला." काडी त्याच्या बोटात मोडली. "मी गेलोच न्हाई परत. आन् मग... ऱ्हायलंच."

वारा आला आणि धुकं अंगावरून ओलंच सरकून गेलं. चैतालीनं नुसता हात पुढं केला आणि त्याच्या मुठीतली मोडकी काडी काढून घेतली. बोटं क्षणभर बोटांत राहिली... गरजेपेक्षा जरा जास्त.

*

स्मृतिदिन चार दिवसांवर आला आणि हात रिकामेच होते. करण संध्याकाळी मळवलीला तिच्या घरी आला तो मान खाली घालून.

"काय न्हाई सापडलं. शिरगावापर्यंत इचारून आलो. माफ कर."

"आत ये आधी. भिजलायस."

भामाबाई, चैतालीची आई, स्वयंपाकघरातून डोकावली. "हाच का गं ओढण्यावाला? बस बाबा. च्या टाकते."

करण बसला आणि समोरच्या भिंतीकडं बघायला लागला. कपाटाच्या वर ओळीनं चैतालीचे फोटो होते. सगळे एकाच जागचे, भाज्याच्या कमानीसमोर. दरवर्षी बुद्धपौर्णिमेचा एक. फ्रॉकातली चैताली, दात पडलेली चैताली, शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्यांची, ओढणी सावरणारी, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात घातलेली. सगळ्या फोटोंत हनुवटी वर.

"ते बघू नकोस," ती म्हणाली. "रिजेक्ट माल आहे सगळा."

"का?"

"खाली बघ ना. प्रत्येक फोटोत बाबांची सावली आलीय. एवढी मोठी काळी! सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचे आणि सावली चुकवायला विसरायचे. लोकांचे फोटो स्वच्छ, मुलीच्या फोटोत मात्र दरवर्षी तीच चूक. मी लहानपणी रडायचे सुद्धा. म्हणायचे, बाबा, परत सावली आली! तर म्हणायचे, आली तर आली."

करण उठला. एकेका फोटोसमोर थांबत तो ओळीच्या शेवटापर्यंत गेला आणि परत सुरुवातीला आला.

"चैताली, लहानपणी काकांच्या मागं फिरायचो, तवा त्यांनी मला धंद्यातली येकच गोष्ट शिकवली," तो सावकाश म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या पायाशी आपली सावली येऊ द्यायची न्हाई. त्यापायी ते गुडघ्यावर बसायचे, वाकायचे, पार त्या दगडाच्या कडंला जायचे. सावली चुकून येनारा मानूस न्हाई त्यो. येक काढून बघू का?"

तिनं मान हलवली. त्यानं गणवेशातला फोटो खिळ्यावरून उतरवला, बाहीनं काच पुसली, आणि उलटा धरला. डोकं खाली, पाय वर.

"हे काय?"

"आमी असंच तपासतो. सरळ फोटोत डोळा चेहऱ्यावरच जातो, बाकीचं दिसतच न्हाई. उलटा केला की सगळं सारखं दिसतं. बघ."

तिनं बघितलं. आजवर जो काळा डाग होता, तो फोटो उलटा झाल्यावर डाग उरलाच नव्हता. माणूस होता तो. लांबट, लवचिक, भाज्याच्या खडकावर पडलेला. एक खांदा जरा उतरलेला, त्यावर झोळीचा फुगवटा. कानाशी एक कोपर बाहेर आलेलं, त्या हातात कॅमेरा. आणि दुसरा हात डोक्याच्या वर उंच गेलेला, पंजा उघडा.

तो हात तिला आठवला. बाबा फोटो काढताना एक हात आभाळात धरायचे. तिला वाटायचं, 'इकडं बघ' म्हणतात. ती त्या पंजाकडं बघायची. "अजून थोडी मागं... बास, पाय तिथंच ठेव," ते म्हणायचे, आणि तिला कधीच कळायचं नाही की एवढ्याशा जागेचा त्यांना हट्ट कशाला.

करणनं फोटो सरळ केला.

सावलीचा पंजा जिथं संपत होता, तिथं तिची पावलं होती. नेमकी, मधोमध. शाळेच्या गणवेशातली चैताली बाबांच्या तळहातावर उभी होती. बाबांनी तिला उचलून धरलं होतं, त्या उंच कमानीसमोर, सगळ्यांना दिसेल अशी.

ती उठली आणि ओळीतला प्रत्येक फोटो बघत गेली. फ्रॉकातली तळहातावर. वेण्यांची तळहातावर. कारखान्याच्या ओळखपत्राची, चांगली मोठी झालेली, तीसुद्धा तळहातावर. त्या शेवटच्या फोटोतली सावली जरा वाकलेली होती. हात मात्र तितकाच उंच.

रोज पुर्जे तपासणाऱ्या चैतालीला आपल्याच घरातला सगळ्यात चोख माल कळला नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे पुसायचं तिनं केलं नाही, वाहू दिले.

भामाबाई चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिनं लेकीकडं बघितलं, मग करणच्या हातातल्या फोटोकडं, मग त्या सावलीकडं. कप खाली ठेवले.

"व्हय," ती म्हणाली. "हा त्यो. असाच चालायचा, खांदा पाडून." पदराच्या टोकानं तिनं काचेवरची सावली अलगद पुसली. "तळहातावर घिऊन हिंडीन म्हनायचा पोरीला. मी म्हनायची, नुसत्या बोलायच्या गोष्टी..."

बाहेर पाऊस थांबला होता. आधार कार्डाचा फोटो त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरला.

*

स्मृतिदिनाला मांडवात बुद्धमूर्तीच्या खाली मोठा केलेला फोटो होता. वंदना झाली, पंचशील झालं. नवीन माणूस आला की गोंधळायचा. हा फोटो कुणाचा? मुलीचा? तेव्हा चैताली उठून उभी राहायची आणि सांगायची, "खालची सावली बघा. ते माझे बाबा. श्रीपती फोटोवाले. आणि त्यांच्या हातावर मी." सांगताना दर वेळी तिची हनुवटी वर जायची. केरबा आबा त्या फोटोसमोर उभे राहिले आणि कुणी न विचारताच म्हणाले, "कार्ले."

कमळाबाईनं शेवंतीचा हार आणला होता. तो घालून ती भामाबाईशेजारी बसली.

"पोरगं चांगलंय तुमचं," भामाबाई म्हणाली.

"कशाचं चांगलं! लोकांच्या ओढण्या उडवत फिरतंय."

"उडवू दे की. येक घरी आन म्हनावं."

दोघींनी एकाच वेळी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथं करण आणि चैताली खुर्च्या लावत होते, आणि लावलेल्याच खुर्च्या पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

*

त्यानंतरच्या रविवारी चैतालीनं बाबांचा जुना कॅमेरा झोळीतून बाहेर काढला, पुण्याहून रोल मागवून भरला, आणि करणला सांगितलं, "दुपारनंतर भाज्याला ये. ओढणी आणू नकोस."

ऊन उतरायला लागलं होतं. लेण्यात पर्यटक तुरळकच होते. पश्चिमेचा उजेड सरळ कमानीतून आत शिरला होता आणि स्तूपाच्या अंगावर मधासारखा ओघळत होता. चैताली बाबांच्या दगडावर उभी राहिली, सूर्य पाठीशी घेऊन.

"तिथं उभा राहा. कमानीसमोर."

"मी? मी फ्रेमच्या बाहेर पळनारा मानूस हाय. मला उभं ऱ्हायला जमत न्हाई."

"बाबांकडं तुझा एक फोटो बाकी आहे. त्यांची उधारी मी ठेवत नाही."

करण जाऊन उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, आधी खिशात घातले, मग मागं बांधले, मग नुसते सोडून दिले.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"गाव?"

लेण्यात पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. करणनं तिच्याकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं, मग वर दिसणाऱ्या विसापूरच्या तटाकडं, ज्याच्या पायथ्याला ती चार घरं होती.

"उंबरवाडी," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"उंबरवाडी!"

चैत्याच्या कमानीनं ते नाव उचललं, आत नेलं, स्तूपाभोवती फिरवलं आणि बाहेर आणून सोडलं. *वाडी... वाडी...* एक-दोन पर्यटकांनी वळून बघितलं. करणची हनुवटी वर आली होती.

पण चैतालीनं बटण दाबलं नाही.

"काय झालं?" तो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली, धंद्याची सवय. "थांब, थांब! तुझी सावली येतीय फ्रेममधी. पार माझ्या पायाशी आली. जरा बस खाली, न्हाईतर डावीकडं सरक."

"नाही सरकत."

"अगं, गिऱ्हाइकाच्या पायाशी सावली..."

"गिऱ्हाइकाच्या."

तो तसाच उभा राहिला. ओठ अर्धवट उघडे, आणि समजत जाणारे डोळे. त्याच्या भुवईवर, पहिल्या दिवशीसारखाच, घामाचा एक थेंब थांबला होता. आज तो पडला.

चैतालीनं एका हातानं कॅमेरा सांभाळला आणि दुसरा हात डोक्याच्या वर, आभाळात उचलला. पंजा उघडला.

"अजून थोडा मागं," ती म्हणाली. "अजून... बास. पाय तिथंच ठेव."